राजाचा डावा गुडघा

भालदारांकडे माझं लक्ष पहिल्यांदा गेलं तेव्हा मला त्यांची फक्त पाठ दिसली होती. मी नुकतीच या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहायला आले होते. सकाळी दूध घ्यायला दार उघडलं, तर एक उंच, रुंद खांद्यांचे गृहस्थ जिना उलटे उतरत होते. तोंड वरच्या मजल्याकडे, दोन्ही हातांत कठडा, आणि विहिरीत उतरावं तसा एकेक पाय मागे टाकत. मला वाटलं, वर कोणाशी तरी बोलत उतरताहेत. वर कोणी नव्हतं. माझी चाहूल लागताच ते वळले, ताठ उभे राहिले, "नमस्कार" म्हणाले आणि जागचे हलेनात. मी आत गेले, दार लावलं आणि दाराच्या भिंगातून पाहिलं. ते पुन्हा उलटे फिरले होते.

छत्तीस वर्षं शाळेत काढली की एवढं कळतं. आपण वर्गाबाहेर जाईपर्यंत जो हलत नाही, त्याच्या दप्तरात काहीतरी असतं. यांच्या गुडघ्यात होतं.

भालदार हे त्यांचं आडनाव नव्हे. बावीस वर्षं ते एका फिरत्या नाटक कंपनीत होते आणि बावीस वर्षं त्यांचं काम एकच, राजाच्या सिंहासनाशेजारी भाला घेऊन उभं राहायचं. बोलायला एक ओळसुद्धा नाही. पडदा वर जायचा तेव्हा ते उभे असत आणि खाली यायचा तेव्हाही उभेच असत. कंपनी बंद पडली, पण इमारतीतल्या लोकांनी दिलेलं नाव चिकटलं. त्यांच्या बायकोला ओघानंच भालदारीण म्हणू लागले. ती तिसऱ्या मजल्यावर पुढच्या खोलीत शिवणयंत्र चालवायची. हे नाव आपल्याला मुळीच आवडत नाही असं सांगायची आणि त्याच नावाला ओ द्यायची.

माझ्या दाराबाहेर मी चपला घालण्यासाठी एक खुर्ची ठेवली होती. संध्याकाळी कामावरून परतताना भालदार तिथपर्यंत यायचे आणि रेंगाळायचे.

"बाई, पाच मिनिटं टेकू का?"

"टेका की. विचारताय काय!"

मी पाणी आणून द्यायची. ते गार भांडं आधी गुडघ्याला लावून ठेवायचे आणि मग पाणी प्यायचे. आपल्याला हे दिसत नाही, असं मी दाखवायची.

"हल्ली कुठे काम करता?" मी एकदा विचारलं.

"राजा आहे," ते म्हणाले.

"कुठला?"

"तिन्ही लोक जिंकलेला."

मग त्यांनी समजावून सांगितलं. कॉम्प्युटरवरचे गेम बनवणारी एक कंपनी होती. तिला पुराणातल्यासारखी गोष्ट असलेला गेम करायचा होता. त्यात एक दिग्विजयी राजा. त्यानं वारा, पाऊस, दिवस आणि रात्र या चौघांना हरवून दरबारात हात बांधून उभं केलेलं. खेळणाऱ्यानं जंगलं, नद्या, राक्षस असं सगळं ओलांडून शेवटी या राजापर्यंत पोचायचं. त्याला मारल्याशिवाय गेम संपत नाही.

"त्याला बॉस म्हणतात, बाई."

"म्हणजे आमचे हेडमास्तर."

ते हसले. राजाचा चेहरा एका चित्रकारानं काढलेला होता, आवाज दुसऱ्याच कोणाचा होता. चालणं, बसणं, उठणं, तलवार उगारणं आणि मरणं तेवढं भालदारांचं. शेकडो लोकांमधून त्यांना निवडलं होतं. कारण विचारलं तर ते म्हणाले, "राजा कसा बसतो, हे माझ्याइतकं जवळून कोणी बघितलंय?"

"वाईटच ना हा राजा?"

"वाईटच. पण वाईट माणसाचं काम जड असतं. चांगल्याला मधे पळून जाता येतं, लपता येतं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येते. वाईटानं शेवटपर्यंत तिथंच उभं राहायचं."

एका शनिवारी कंपनीनं घरच्यांना काम बघायला बोलावलं होतं. भालदारीण म्हणाली, "घरी बघते तेवढा राजा पुरे आहे मला. बाईंना न्या." म्हणून मी गेले.

शाळेच्या व्यायामशाळेएवढा एक हॉल होता. भिंती राखाडी, खिडकी एकही नाही, वर चहूबाजूंनी कॅमेरे लावलेले. जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्यांचे चौकोन. सिंहासन म्हणजे उंच मंचावर एकावर एक ठेवलेली दोन खोकी. त्यापुढे लाकडी ठोकळ्यांच्या बारा पायऱ्या. तलवार म्हणजे वाळू भरलेला प्लॅस्टिकचा पाइप. आणि भालदार म्हणजे अंगाला घट्ट बसलेला काळा पोशाख घातलेला, पोट थोडं सुटलेला, पन्नाशीचा माणूस. पोशाखावर जागोजागी गोट्यांएवढे करडे गोळे चिकटवलेले. कंबरेजवळ कापड सैल केल्याची बारीक शिवण मला दिसली. ती कुठल्या यंत्रावरची, हे सांगायला कोणी लागत नव्हतं.

प्रत्येक वेळी सुरू करण्याआधी दोन्ही हात पसरून स्तब्ध उभं राहायचं, अशी तिथली रीत होती. कॉम्प्युटरला म्हणे आधी माणूस ओळखावा लागतो. भालदार तसे उभे राहिले, दोरीवर वाळत घातलेल्या शर्टासारखे. मग ते खोक्यांवर बसले, आणि मी शेजारच्या पडद्याकडे पाहिलं. तिथं सोन्याच्या चिलखतातला एक प्रचंड राजा बसला होता आणि त्याच्या बसण्यात सगळं जग जिंकून झाल्याचा कंटाळा होता. मला भीतीच वाटली. खोक्यांकडे पाहिलं तर आमचे भालदार.

राजा उठला. पायऱ्या उतरू लागला. सातव्या पायरीवर क्षणभर थांबला, डावा गुडघा किंचित खचला, भार उजव्या पायावर गेला, खांदा उतरला, आणि मग तलवार खाली आली. त्यांनी ते पुन्हा केलं. सातव्या पायरीवर पुन्हा तेच.

तिथली मुख्य एक तिशीची मुलगी होती. केस वर बांधलेले, कानावर पेन्सिल. तिला सगळे मॅडम म्हणत आणि ती भालदारांना काका म्हणे.

"काका, तुम्ही सातव्या पायरीवर थांबता का हो?"

भालदारांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखते. गृहपाठाची वही घरी राहिली, असं सांगण्याआधी मुलं तशी बघतात.

"राजाला जुनी जखम आहे, मॅडम," ते म्हणाले.

"कसली जखम? गोष्टीत तर नाही."

"त्यानं पहिलंवहिलं गाव जिंकलं ना, तेव्हा सगळे शरण आले. एक म्हातारी तेवढी दारातून हटेना. हा घोड्यावरून उतरला, तिला बाजूला सारायला गेला, तर तिनं हातातलं मुसळ याच्या गुडघ्यावर हाणलं. पुढं यानं स्वर्ग जिंकला, पाताळ जिंकलं. पण म्हातारीचा घाव काही भरला नाही. उतरताना दुखतो."

मॅडमनी कानावरची पेन्सिल काढली आणि वरच्या मजल्यावरून गोष्ट लिहिणाऱ्याला बोलावून घेतलं.

येताना बसमध्ये भालदार म्हणाले, "बाई, खोटं बोललो."

"ऐकलं मी."

"मार्क कापणार?"

"गोष्ट चांगली होती. अर्धेच कापते."

त्यांनी तेव्हा सगळं सांगितलं. गुडघा चार वर्षांपासून दुखत होता, नाटक कंपनीत उभं राहून राहून गेलेला. डॉक्टर म्हणाले होते, बदलावा लागेल, आणि मग काही महिने विश्रांती. पण तेवढ्या काळात राजाचं अंग दुसऱ्या कोणाला दिलं असतं. "आणि हे घरी बोलू नका हं. हिला यातलं काही माहीत नाही." घरी पोचल्यावर ते माझ्या खुर्चीवर बसले आणि ती वरून हाक मारेपर्यंत उठले नाहीत.

गेम बाजारात आला आणि गाजला. म्हातारीच्या मुसळाची गोष्ट गेमच्या सुरुवातीलाच घेतली होती. भालदारांनी मला फोनवर दाखवलं. खेळणाऱ्यांमध्ये एक गोष्ट पक्की झाली होती. राजाचा डावा गुडघा खचला की अर्धा क्षण मिळतो. तेवढ्यात वार केला तरच तो पडतो, एरवी त्याला काही होत नाही. लोक एकमेकांना हेच सांगत होते, गुडघ्यावर लक्ष ठेवा.

"बाई, आत्ता या घटकेला मी किती घरांत मरत असेन?"

"कसं वाटतं?"

त्यांनी थोडा विचार केला. "दमल्यासारखं वाटतं," ते म्हणाले.

पुढं एका दुपारी ते आले आणि खुर्चीवर बसलेच नाहीत. कठड्याला धरून उभे राहिले.

"दुसरा भाग निघतोय. तरुणपणचा राजा. पहिलं गाव जिंकण्याआधीचा."

मला समजायला थोडा वेळ लागला. "म्हणजे म्हातारीच्या आधीचा."

"म्हातारीच्या आधीचा. न लंगडणारा. धावत पायऱ्या चढणारा, धावत उतरणारा." ते कठड्यावरचा रंग नखानं खरवडत होते. "सहा आठवड्यांनी चाचणी आहे. बारा पायऱ्या वर, बारा खाली. जमलं तर राजा माझा, नाहीतर दुसरा बघतील. मॅडम म्हणाल्या, काका, तुमच्यासाठी हे सोपंच, आता तर अभिनयसुद्धा करायचा नाही."

मी म्हटलं, "सांगून टाका ना खरं."

"बावीस वर्षं त्या खुर्चीच्या बाजूला उभा होतो, बाई. तिच्यावर बसून दोनच वर्षं झालीत."



मग आमची शिकवणी सुरू झाली. दुपारी दोन ते चार इमारत झोपलेली असायची. भालदार दुसऱ्या मजल्यावरून सरळ तोंड करून उतरायचे, मी खाली उभी राहून बघायची.

"थांबलात."

"कुठे?"

"सातवीवर."

"तिथं सवयच झालीय हो आता."

"सवय नाही ती. कळ आली तुम्हाला. कपाळावर दिसते."

"कपाळाला कुठे गोळे लावतात तिथं," असं म्हणून ते पुन्हा वर जायचे. वर जाणं म्हणजे पुन्हा सोळा पायऱ्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी गुडघ्याला बांधायचा एक पट्टा आणला. तो सैल होता, सारखा घसरायचा. चार दिवसांनी बघते तर चापून बसलेला. "धुतल्यावर आटला असेल," भालदार म्हणाले. पट्ट्याच्या आतल्या बाजूला दुहेरी शिवण होती, सरळ, मापात. मी काही बोलले नाही. शाळेतही मी कधी एका मुलाची गोष्ट दुसऱ्याला सांगितली नाही.

पाचव्या आठवड्यात ते न थांबता उतरू लागले. चेहराही ठीक असायचा. मात्र त्यानंतर माझ्या खुर्चीवर ते पाच मिनिटांऐवजी अर्धा तास बसत, डोळे मिटून. मला ते बघवत नसे आणि शिकवणी थांबवू या असं म्हणायचं धैर्यही होत नसे. चांगल्या शिक्षिकेनं ते केलं असतं.

चाचणी झाली त्या दिवशी ते दुपारीच परतले. जिन्यात त्यांची पावलं ऐकली आणि मी दार उघडायच्या आधीच मला कळलं.

"पहिल्यांदा छान झालं," त्यांनी सांगितलं. "दुसऱ्यांदाही. धावत चढलो, धावत उतरलो. टाळ्या वाजल्या. मग मॅडम म्हणाल्या, अजून एकदा करून ठेवू या, हाताशी असावं. तिथं नेहमी अजून एकदा असतं, बाई. नाटकात तसं नसतं. नाटकात रोज एकदाच."

"मग?"

"उतरताना सातवीवर पाय गेलाच. तोंडावर पडलो. खाली गादी होती म्हणून निभावलं. आणि काय झालं माहितीये? पुन्हा टाळ्या. मघापेक्षा मोठ्या. मॅडम धावत आल्या, म्हणाल्या, काका, अप्रतिम! इथंच म्हातारी मुसळ मारणार, तुम्ही आधीच करून दाखवलंत!"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. होय म्हटलं असतं की सुटले असते. पुन्हा एकदा.

"तोंडात आलं होतं माझ्या. पण गादीवर पडल्या पडल्या वाटलं, ही गोष्ट आता अजून किती वेळा सांगायची? म्हातारी, मुसळ, घाव. थकलो हो. म्हटलं, मॅडम, म्हातारी बितारी कोणी नाही. गुडघा माझा आहे. पहिल्यापासून."

"रागावली?"

"नाही. पायरीवर बसली माझ्या शेजारी. म्हणाली, काका, म्हातारीचं सगळं तयार आहे हो. तिला गाव दिलंय, घर दिलंय, अंगणात गाय बांधलीय." भालदार हसले, म्हणजे हसल्यासारखं काहीतरी केलं. "मग म्हणाली, आधी पाय नीट करून या. राजा एका नाचणाऱ्या मुलाला देतील. गुणी आहे, बाई, मी बघितलंय त्याला. बसता येत नाही अजून राजासारखं, पण शिकेल."

त्या दिवशी त्यांनी स्वतःच वर जाऊन बायकोला सांगितलं. आत काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. शिवणयंत्राचा आवाज थांबला आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला, एवढंच.

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. तीन महिने भालदार खाली आले नाहीत, म्हणून मीच वर जायची. एका सकाळी मी तिथं असताना तो नाचणारा मुलगा आला. सडपातळ, पंचविशीचा, दाराशीच वाकून नमस्कार करणारा. दुसऱ्या भागाच्या शेवटी म्हातारी मारते, आणि तिथून पुढं राजाला लंगडत चालायचं होतं. पहिल्या भागात चालतो तसंच, नाहीतर खेळणाऱ्यांना लगेच कळेल.

"सर, मी खूप वेळा बघून केलं. पण मॅडम म्हणतात, हे नाटकी वाटतंय. तुम्ही एकदा चालून दाखवाल?"

भालदार उठले. दाराबाहेर ओसरीएवढी गॅलरी होती, तिच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. पाय अगदी सरळ पडत होता. ते पुन्हा आले आणि या वेळी मुद्दाम लंगडले.

मुलगा अवघडून म्हणाला, "सर, हेही थोडं नाटकीच..."

"अरे, थांब, आठवतं मला." त्यांनी पुन्हा केलं. मग उजव्या पायानं लंगडले. मग उभेच राहिले. "गेलं की रे," ते म्हणाले. "कसं होतं ते?"

भालदारीण यंत्रावर होती. तोंडात दोन टाचण्या धरलेल्या. त्या काढून तिनं उशीत खोचल्या आणि उठली.

"व्हा बाजूला."

"तू काय करणार?"

"व्हा म्हटलं ना."

आणि ती चालली. पाच फूट उंचीची, चष्मा लावलेली बाई. पण पहिल्या तीन पावलांतच भालदार दिसले. डावा पाय टेकवण्याआधीची ती किंचित शंका, मग भार उजवीकडे, खांदा उतरलेला, आणि लगेच काही झालंच नाही अशी मान वर. टोकाला जाऊन ती वळली. तिथं जिन्याची पहिली पायरी होती. तिनं हात लांब करून कठडा धरला, इकडे तिकडे कोणी बघत नाही ना हे पाहिलं, आणि उलटी फिरली.

मुलानं केव्हाच फोन काढून चित्रण सुरू केलं होतं. भालदार भिंतीला टेकून बघत होते.

"मी असा चालायचो?"

"पाच वर्षं."

"तुला माहीत होतं?"

"अहो, तो पट्टा काय उंदरांनी आवळला?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही लपवत होतात ना एवढं जिवापाड. म्हटलं, लपवू दे." ती पुन्हा यंत्राशी जाऊन बसली. "सांगितलं असतं तर तुम्ही माझ्यासमोरही ताठ चालायला लागला असतात. घरी तरी बरं वाटेल तसं चालावं माणसानं."

मुलगा म्हणाला, "काकू, तुम्ही म्हातारीचं काम कराल का? मॅडम शोधताहेत कोणीतरी."

"मी कशाला? त्याला मारून बसेन खरंच," ती म्हणाली, आणि सुईत दोरा ओवू लागली. भालदार अजून भिंतीलाच टेकून होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग त्या मुलाला खुर्चीवर बसवलं आणि राजा बसताना पाठ कुठं ठेवतो, हे दाखवायला घेतलं. मी हळूच खाली आले.

याला आता वर्ष होत आलं. भालदार जिना सरळ उतरतात. माझ्या खुर्चीवर बसायची गरज नसते, तरी कधी कधी बसतात. आठवड्यातून दोन दिवस त्याच हॉलमध्ये जातात. काळा पोशाख पुन्हा थोडा सैल करावा लागला. आधी हात पसरून उभं राहायचं, मग पाइप हातात घेऊन चिकटपट्टीच्या चौकोनात तासभर नुसतंच उभं राहायचं, मधूनच पायावरचा भार बदलायचा, एकदा जांभई द्यायची. जांभई मुद्दाम दिलेली नव्हती, पण मॅडमनी ती ठेवली. दुसऱ्या भागात दारापासून सिंहासनापर्यंत राजाचे अठ्ठेचाळीस पहारेकरी भाला घेऊन उभे आहेत. ते सगळे भालदारच आहेत.